बेकन: बिडाचा तवा, ओव्हन की पाणी?

साष्टीकर: घरच्या बेकनला, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पट्ट्यांना, बिडाचा तवाच हवा. तवा थंड असतानाच पट्ट्या सुट्ट्या मांडायच्या आणि मग मंद आच. चरबी सावकाश सुटते, पट्टी तिच्यातच तळली जाते. तापल्या तव्यावर टाकली की मांस पटकन आक्रसते, पट्टी वळते. टेकलेला भाग करपतो, उचललेला पांढराच राहतो. पातळ पट्टीला ८ ते १० मिनिटे. ओव्हन हे हॉटेलवाल्यांचे काम.

पर्वरीची: चार पट्ट्या असतील तर तवा ठीक. बारा असतील तर तीन घाणे, आणि शेवटचा निघेस्तोवर पहिला थंड! ओटीजी, म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन, २०० अंशांवर तापवा, ट्रेला फॉइल, खालचा कप्पा. पातळ पट्टी १२-१५ मिनिटे, जाड १८-२०. उलटायचीही गरज नाही. वरच्या कप्प्यात ठेवाल तर चरबी कॉइलवर उडून घरभर धूर. साखर लावून मुरवलेले बेकन मात्र १८० वरच. शेवटच्या तीन मिनिटांत काचेसमोरून हलू नये.

गावठी चोरीस: पाण्याचे नाव कोणीच काढले नाही. चोरीस, म्हणजे आपले गोव्याचे डुकराचे सॉसेज, पाण्यात शिजवता, मग बेकनलाच का नको?

साष्टीकर: चोरीस कच्चे असते, बाय. जाड तुकडे, वर मिरची-व्हिनेगरचा मसाला. पाणी नसेल तर मसाला जळतो नि आतले मांस शिजत नाही. बेकनची पट्टी दोन मिलिमीटरची, तिला पाणी कशाला? उलट कोल्ड स्टोरेजमधल्या (गोठवलेल्या मांसाच्या दुकानातल्या) बऱ्याच पाकिटांत पाणी आधीच मुरवलेले असते. तव्यावर पांढरा फेस येतो तो त्याचाच, सोबत सुटलेल्या प्रथिनांचा. ते आटेपर्यंत पट्टी १०० अंशांच्या आसपासच अडकते. खरपूस रंग १४० च्या पुढे धरतो. म्हणून गोठलेले पाकीट रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि पट्ट्या कोरड्या टिपूनच तव्यावर टाका.

गावठी चोरीस: पातळ पट्टीपुरते मान्य. पण कसायाकडून जाड कापून आणलेले बेकन कोरड्या तव्यावर वरून काळे होते, आत चरबी चिवट. तिथे अर्धी वाटी पाणी घालून मध्यम आचेवर आटवा, मग आच मंद करा. मांस करपण्याआधी चरबी वितळते. पाण्याने खारटपणा जातो, हा मात्र भ्रम: पाणी आटले की मीठ तव्यातच उरते. ओतून टाकलेत तर धुराचा वासही गेला.

पर्वरीची: बाकी कुरकुरीत की मऊ, हे कशाशी खाणार त्यावर. पोईत, म्हणजे गोव्याच्या पोकळ पावात, भरायचे तर कुरकुरीतच. मऊ पट्टी पहिल्याच घासाला अख्खी ओढून बाहेर येते, उरते नुसती पोई.

साष्टीकर: अंड्याबरोबर मात्र मऊच. कुरकुरीत खायला लाकडाच्या ढलप्या चालतील!

पर्वरीची: कुरकुरीत म्हणजे काळे नव्हे, बाब. नायट्राइट (मांस टिकवायचे मीठ) घातलेले मांस करपवले की नायट्रोसमाइन ही कर्करोगाशी जोडलेली रसायने वाढतात. तांबूस झाले की उतरवायचे. बाहेर काढल्यावरही मिनिटभर कडक होतच राहते.

गावठी चोरीस: आणि ट्रेमधली चरबी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो. कोमट असतानाच गाळून काचेच्या बरणीत, बरणी फ्रीजमध्ये. अळसांद्यांच्या, म्हणजे टपोऱ्या चवळीच्या, भाजीचा कांदा तिच्यात परता. मीठ मात्र शेवटी, चव बघूनच.

साष्टीकर: ओटीजीच्या फॉइलवरची चरबी बरणीत निम्मी तरी पोचते का? तव्यावरची सगळी मिळते.

पर्वरीची: फॉइलचे कोपरे वर दुमडा, थेंब सांडणार नाही.