रविवर्म्यांच्या चित्राची नक्कल करतेय, मूल कडेवर बसतच नाही

रंगपेटी:
माझ्याकडे १९६१ सालचा एक कृष्णधवल फोटो आहे. आजी दारात उभी आणि कडेवर दीड वर्षाचे बाबा. तो मला तैलरंगात करायचाय. त्याआधी हात बसावा म्हणून राजा रविवर्म्यांचं 'देअर कम्स पापा' (१८९३) नकलायला घेतलंय. त्यात त्यांची मुलगी महाप्रभा आहे, तिच्याजवळ तिचा मुलगा, शिवाय कुत्रा.

१८ बाय २४ इंचांचा कॅनव्हास घेतला, प्रिंटवर चौकडी आखून रेखाटन उतरवलं. रॉ अंबर (मातकट तपकिरी रंग) टर्पेंटाइनमध्ये पातळ करून छायाप्रकाश केला, तोवर सगळं छान चाललं होतं. रंग चढवले आणि आईचा गाल मातकट झाला (सावलीत आयव्हरी ब्लॅक घातला होता). मूल तर कापून चिकटवल्यासारखं दिसतंय. तीनदा खरवडलं. मूळ चित्रातलं मूल जड आहे हो, माझं कागदाचं वाटतं. काय चुकतंय?

जवसतेल:
ताई, मुलाला आता हात लावू नका, आधी आईचा हात नीट रंगवा. मूल जड वाटतं ते धरणाऱ्या बोटांमुळे. बोट रुततं तिथे बाजूचं मांस किंचित वर येतं, ते दाखवा. दोन अंगं टेकतात तिथली सावली सगळ्यात गडद ठेवा, पण ऊबदार: बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि किंचित अल्ट्रामरीन (निळा). काळा नकोच. तो उशिरा वाळतो, दुसऱ्या दिवशी वर ब्रश फिरवला की खालचा उचलला जातो आणि गाल मळतो.
शिवाय तुम्ही मुलाची कड सगळीकडे सारखीच धारदार ठेवली असणार. उजेडाकडची राहू द्या. आईला टेकलेली मात्र रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं हलकेच पुसा.

जुनीफ्रेम:
प्रिंटच्या रंगावर फार विसंबू नका. माझ्याकडे तीन पुस्तकांत हेच चित्र आहे आणि मुंडूचा (आईच्या केरळी वस्त्राचा) पांढरा तिन्हीकडे वेगळा. छटा गडद की फिकी, एवढंच प्रिंटवरून घ्या.
आणखी एक. आई डावीकडे बोट दाखवतेय, येणारा बाप चित्रात कुठेच नाही. मातृवंशीय (आईकडून वंश चालणाऱ्या) घरातल्या चित्रात सगळे वाट बापाची बघतात, यावर अभ्यासकांनी बरंच लिहिलंय. रंगवणाऱ्यानं यातून एवढं घ्यावं की मुलाची मान त्या दिशेला वळलेली हवी. तुमचं मूल समोर बघतंय का?
खुद्द रविवर्मासुद्धा बघूनच शिकले. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार त्रावणकोर दरबारात आला होता. शिकवायला तयार नव्हता, पण तो रंगवताना त्यांना बघायला मिळालं. तेव्हा खरवडण्याचं वाईट वाटून घेऊ नका.

रंगपेटी:
दोघांचे मनापासून आभार. मान खरंच समोर होती! ती वळवली, आईच्या बोटांखाली सिएना घातला, टेकलेली कड पुसली. पहिल्यांदाच मूल तिच्या अंगावर रेललेलं दिसलं. गाल पूर्ण वाळल्यावर पुन्हा करेन.
काल रात्री भिंग घेऊन आजीचा फोटो पाहिला. तिचा अंगठा बाबांच्या झबल्याच्या आत गेलाय. इतकी वर्षं तो फोटो घरात आहे, मला हे कधी दिसलंच नव्हतं.