आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलला दम सोडतंय

मांडवी नदीत फिरवायची १८ फुटी फायबर बोट, मागे लावलेलं ४० एचपी फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. आयडलला नीट, पण पूर्ण थ्रॉटल दिला की मिनिटाभरात ५२०० वरून ३५०० आरपीएमवर येतं. प्लग नवे आहेत. काय बघू?

बेतीकर: दम सुटेल त्याच क्षणी प्रायमर बल्ब (पेट्रोलच्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा) बघा. चपटा झाला असेल तर टाकीकडून पेट्रोल येत नाही: झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद, नाहीतर टाकीतल्या पिकअप नळीची जाळी तुंबलेली. मऊ असेल आणि दाबल्यावर आरपीएम चढत असेल, तर फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) गेला किंवा नळी हवा ओढते.

शापोरावाला: पावसाळाभर उभी होती का? इथेनॉलवालं पेट्रोल दमट हवेतलं पाणी धरतं. वॉटर सेपरेटरमधलं (पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) पेट्रोल काचेच्या बरणीत ओता, पाणी तळाला बसलेलं दिसेल. १० मायक्रॉनचा नवा फिल्टर लावताना रबर रिंगला तेल लावा, हातानेच आवळा. पाना नको.

बेतीकर: बझर वाजत असेल तर हे सगळं नंतर. इंजिन तापून स्वतःच आरपीएम पाडतंय. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार आणि इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारा पंखा) बघा.

प्रश्न विचारणारा: बझर नाही. बल्ब चपटाच होतो.

बेतीकर: मग बाब, टाकीचं झाकण जरा सैल करून पळवा. दम टिकला तर व्हेंटच, म्हणजे तो हवेचा स्क्रू.