क्लूनीचं चर्च गेलं कुठं?

उदगीरकर:
पोरगी फ्रान्समध्ये लियाँला शिकते. रविवारी क्लूनी गावी जाऊन आली, फोटो पाठवले. म्हणे बेनेडिक्टाइन साधूंच्या ह्या मठात एके काळी ख्रिस्ती जगातलं सगळ्यात मोठं चर्च होतं. फोटोत तर एक आठकोनी मनोरा, खाली थोडं बांधकाम आणि पुढं मोकळी जागा. भूकंप झाला का तिथं?

गढीवरचा:
भूकंप कसला, विकून खाल्लं. आमच्या गावच्या गढीचं झालं तेच. पांढरी माती माळवदावर, दगड ज्याच्या त्याच्या भिंतीत.

ओव्हरसियर (निवृत्त):
बरोबर. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला, 1798 ला जागा विकली, घेणाऱ्यांनी पुढं वीस-पंचवीस वर्षं चर्चचे दगड काढून विकले. मधोमध रस्ताही काढला. काय म्हणावं!

मठ 910 चा. अक्विटेनच्या ड्यूक विल्यमनं जमीन दिली ती थेट पोपच्या आश्रयाखाली, म्हणजे आसपासच्या सरदारांची लुडबुड नको. म्हणून तर पैसा टिकला. तुमच्या पोरीनं पाहिलेलं चर्च त्या मठातलं तिसरं. मठाधिपती ह्यू यांनी 1088 ला सुरू केलं. लांबी 187 मीटर, दगडी छत जमिनीपासून तीस मीटरच्या आसपास. स्पेनच्या राजाचं सोनं त्यात ओतलेलं.

माझा जीव अडकतो तो त्या छतात. कमानीचं छत भार नुसता खाली सोडत नाही, भिंतींना बाहेर रेटतं. 1125 ला एक भाग बसलाच. पुन्हा उभा केला, 1130 ला पोप दुसरे इनोसंट येऊन अर्पणविधी झाला. आपल्या हेमाडपंतीत हा रेटा नाही. औंढ्याला मंडपात मान वर करून बघा, थरावर थर आत सरकवत छत मिटवलंय, भार सरळ खांबांवर. पण मग खांब दाटीनं लागतात, तेवढी रुंद मोकळी जागा मिळत नाही.

उदगीरकर:
म्हणजे मनोरा तेवढा वाचला?

ओव्हरसियर (निवृत्त):
चर्चच्या लांबीला आडवं छेदणारं दालन होतं, त्याचा दक्षिणेकडचा हात आणि त्यावरचा तो मनोरा. 1928 पासून केनेथ कोनंट या अमेरिकन अभ्यासकानं पाया खणून नकाशा जुळवला, नाहीतर मापंही कळली नसती. पोरीला म्हणावं, पुढच्या वेळी तेराव्या शतकातलं धान्याचं कोठार बघ. वर लाकडी छत आहे, आणि चर्चच्या खांबांचे कोरीव माथे तिथं मांडलेत, अगदी नजरेच्या उंचीवर.