अँथनी अम्मिराती म्हणजे फक्त ती एक क्लिप?

रानवारा:
काल इथे एकाने फ्रान्सच्या बांबू उडीपटूबद्दल लिहिलं, ‘अम्मिरातीचं करिअर म्हणजे विनोद. ऑलिंपिकला गेला आणि नको त्या कारणाने गाजला.’ ते डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. पॅरिस ऑलिंपिक, ऑगस्ट २०२४, बांबू उडीची पात्रता फेरी. पोरगा २१ वर्षांचा, मैदान घरचं. ५.४० मीटर पार, ५.६० पार, ५.७० ला तिन्ही प्रयत्न हुकले. त्यातल्या एका उडीत दांडी त्याच्या जांघेला लागून पडल्यासारखी दिसली, आणि ती क्लिप हसण्यासाठी जगभर फिरली. पण दोन वर्षं आधी कोलंबियात, कालीला, हाच पोरगा २० वर्षांखालील जगज्जेता झाला होता, हे हसणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत आहे? आणि क्लिप नीट पाहा. दांडीला आधी पाय लागतात. उडी कमी पडली, इतकंच घडलं.

सडेतोड:
तो प्रतिसाद माझाच. ज्युनियर पदकवाले खंडीभर येतात, पुढे दिसत नाहीत. त्याच पॅरिसमध्ये स्वीडनच्या डुप्लांटिसने ६.२५ मारली. तो १८व्या वर्षी बर्लिनला ६.०५ गेला होता. आणि अम्मिरातीने स्वतःच टिकटॉकवर त्या प्रसंगाची थट्टा केली. त्याला चालतं, तुम्हाला का झोंबतं?

रानवारा:
सगळं जग तुमच्यावर हसत असताना तुम्हीही हसलात, म्हणजे लागलं नाही असं होत नाही. आणि डुप्लांटिसची फूटपट्टी कुणालाही लावून बघा, सगळेच बुटके ठरतील. त्याचे वडील स्वतः बांबू उडीवाले, सराव घरामागच्या अंगणात. फ्रान्सचं बघा. लव्हिलेनी २०१२ ला लंडन ऑलिंपिक जिंकला तेव्हा २५ चा होता. २०१४ मध्ये दोनेत्स्कला ६.१६ मारून त्याने युक्रेनच्या बुबकाचा २१ वर्षं टिकलेला इनडोअर विश्वविक्रम मोडला, तेव्हा २७ चा. गॅलफिओन १९९६ ला अटलांटात ऑलिंपिक जिंकला तेव्हा २५ चा. हा खेळ उशिरा पिकतो.

सडेतोड:
फ्रान्सच्याच किनोंला सोयीस्कर विसरलात. १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, वय २२, सुवर्ण. हवी ती वयं वेचून घ्यायची आणि वर त्याला नियम म्हणायचं?

बांबूवाला:
मी कॉलेजात बांबू उडी मारायचो, म्हणून लिहितो. आधी ५.६० या आकड्याला नमस्कार करा, मग हसा. आम्ही खऱ्या बांबूवर शिकलो, खाली वाळू. पुढे कसाबसा फायबरचा पोल मिळाला. विद्यापीठाच्या स्पर्धेला निघालो तर स्टेशनवर पोल गाडीत घेईनात. तो दुमडत नाही, त्याचे दोन तुकडे होत नाहीत. शेवटी टेम्पोच्या टपावर बांधून नेला. पोचलो तर त्यावर लांब ओरखडा. असा पोल वाकवताना फुटू शकतो. दुसऱ्याचा मागून घेतला, तो माझ्या वजनाला ताठ. पहिल्याच उंचीला तीन चुका, स्पर्धा संपली. एका ओरखड्याने माझं वर्ष गेलं.

अनु_ठाणे:
बांबूवाला दादा, अगदी हेच! माझी भाची आता उड्या मारते. प्रत्येक स्पर्धेआधी घरात सरावापेक्षा पोल कसा न्यायचा याचीच चर्चा जास्त.

जुनाखेळाडू:
ऑलिंपिकमध्येसुद्धा होतं हे. २००८ ला बीजिंगमध्ये ब्राझीलच्या फॅबियाना म्यूररचा एक पोल ऐन अंतिम फेरीत सापडेना. ती मैदानभर शोधत फिरली. लय गेली ती गेलीच.

सडेतोड:
विषय अम्मिराती आहे, सामानाचं बुकिंग नाही. आणि फ्रान्सच्या पोराला टपावर पोल बांधावा लागत नाही. म्हणजे सगळं हाताशी असून हुकला. माझाच मुद्दा पक्का झाला.

बांबूवाला:
साहेब, तुम्ही कधी हातात पोल धरलाय? चाळीस मीटर जीव खाऊन पळायचं, वीस सेंटीमीटर खोल पेटीत टोक रोवायचं आणि पाय आभाळाकडे टाकायचे. खुर्चीत बसून ‘हुकला’ म्हणायला काही लागत नाही.

सडेतोड:
पोल न धरलेल्याने मत देऊ नये, असा नियम असेल तर धागाच बंद करा.

जुनाखेळाडू:
दोघेही दमाने घ्या. २०१६ चं रिओ ऑलिंपिक आठवा. लव्हिलेनी धावायला उभा राहिला की प्रेक्षक हुर्यो उडवत होते. ५.९८ वर रौप्य घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पोडियमवर हुर्यो ऐकत रडला. ज्याने विश्वविक्रम केला त्याची ही गत, मग २१ वर्षांच्या पोराची काय कथा.

सडेतोड:
रिओचं वाईटच झालं, मान्य. ‘खंडीभर’ हा शब्दही मागे घेतो, वयोगटातला का होईना, जगज्जेता होता. पण पॅरिसला ५.७० जमली नाही, हे मी बोलणारच.

रानवारा:
उडी कमी पडली हे मी पहिल्याच प्रतिसादात लिहिलंय. भांडण ‘विनोद’ या शब्दाशी आहे. तो अजून मागे घेतलेला नाही तुम्ही.

अनु_ठाणे:
बांबूवाला दादा, ओरखडा किती खोल असला की पोल टाकून द्यायचा? भाचीच्या पोलवर एक दिसतोय आणि शनिवारी स्पर्धा आहे.

बांबूवाला:
ताई, नख अडकत असेल तर त्या पोलवर तिला उडी मारू देऊ नका. आजच तिच्या प्रशिक्षकांना दाखवा.