एल-आय-एम-एन 'लिम' म्हणजे नक्की काय?

पानपलटी: एका कादंबरीचं इंग्रजी परीक्षण वाचत होते, त्यात लेखिकेने एकटेपणा 'लिम' केलाय असं काहीतरी होतं. मी मनात लिम्न लिम्न वाचत गेले. डिक्शनरीत बघितलं तर 'वर्णन करणे', बस. मग सरळ डिस्क्राइब म्हणायला यांचं काय जातं?

शब्दखोर: शेवटचा एन सायलेंट हो, कॉलम, ऑटमसारखा. पण लिमनर, म्हणजे लिम करणारा, म्हटलं की तोच एन परत बोलायला लागतो. मूळ लॅटिन इल्युमिनारे, म्हणजे उजळणे, ते जुन्या फ्रेंचमधून घासत घासत आलं, थोडक्यात इल्युमिनेटचंच भावंड. छापखाने यायच्या आधी हाताने लिहिलेल्या पोथ्यांमध्ये पहिलं अक्षर मोठं काढून त्यात रंग आणि सोन्याचा वर्ख भरायचे ना, ते काम म्हणजे लिम करणं. नंतर तळहातावर मावतील अशी छोटी पोर्ट्रेट्स काढण्यालाही तेच म्हणायला लागले. पहिल्या एलिझाबेथ राणीची अशी चित्रं काढणारा निकोलस हिलियर्ड खेळायच्या पत्त्यावर पातळ चामडं चिकटवून त्यावर रंगवायचा, आणि १६०० च्या आसपास त्याने या कलेवर ग्रंथही लिहिला. रंगाने चितारायचं ते पुढे शब्दाने चितारणं झालं.

उगाचच: तरी मला हा शब्द शायनिंगच वाटतो. परीक्षणं लिहिणारे सोडून कोणी बोलताना वापरलेला ऐकलाय?

शब्दखोर: बोलताना नाहीच. पण डिस्क्राइबच्या पोटात 'लिहिणं' आहे, याच्या पोटात कुंचला. म्हणून बारकाव्यांसकट डोळ्यासमोर उभं केलं असेल तरच शोभतो. शिवाय याचा अजून एक अर्थ आहे तो डिस्क्राइबला जमणारच नाही, मावळतीचा उजेड डोंगराच्या कडेवर पडून नुसती कड उठून दिसते, तेव्हाही उजेडाने डोंगर लिम केला म्हणतात.

पानपलटी: अय्या, आपल्या 'वर्णन'मध्येपण वर्ण म्हणजे रंगच आहे की! संस्कृतात तो धातू रंगवणे आणि वर्णन करणे दोन्हीला चालतो. इतकी वर्षं वर्णन करा म्हणून निबंध लिहिले, कधी डोक्यात आलं नाही. मग त्या वाक्याचं 'एकटेपणा चितारलाय' केलं तर?

शब्दखोर: चितारलाय एकदम फिट. फक्त ऑफिसच्या मेलमध्ये 'प्लीज लिम द इश्यू' लिहू नका.

उगाचच: आता तर मी लिहिणारच 😄