कॅलिफोर्निया: डब्याच्या धंद्यात दोन माणसं ठेवलीत, वर्कर्स कॉम्प (कामावर इजा झाली तर कामगाराला उपचार आणि पैसे देणारा विमा) घ्यावंच लागतं का?

फ्रीमाँटची_सुगरण:
नमस्कार मंडळी, आम्ही दोघं नवरा-बायको पार्टनरशिपमध्ये डबे देतो, आत्तापर्यंत दोघांत भागत होतं पण ऑर्डरी वाढल्या म्हणून पोळ्यांना एक ताई आणि भांडी-पॅकिंगला एक मुलगा ठेवलाय, दोघं पार्टटाइम. भाड्याच्या कमर्शिअल किचनचा मालक आता वर्कर्स कॉम्पचं सर्टिफिकेट मागतोय. दोनच माणसं, तरी लागतं का? पुण्यात भावाच्या वर्कशॉपमध्ये ईएसआयसीचे (सरकारी कामगार विम्याचे) पैसे कामगाराच्या पगारातनं पण कापतात, तसे इथे थोडे कापले तर चालतं का? आणि पोळीवाल्या ताई म्हणतात मला नकोच, माझा हेल्थ इन्शुरन्स आहे, तेवढे पैसे पगारात द्या.

कढई_मिल्पिटास:
ताई, एकच माणूस असला तरी लागतं, पार्टटाइम असो नाहीतर कॅश पगार असो. तुम्ही दोघं पार्टनर आहात म्हणून स्वतःचं घ्यायची सक्ती नाही, पण त्या दोघांचं आजच घ्या. आणि पगारातनं एक सेंटही कापायचा नाही हां, ईएसआयसीत कामगाराचे ०.७५ आणि मालकाचे ३.२५ टक्के असतात, इथे सगळा प्रीमियम मालकाचा. ताईंनी नको म्हणून लिहून दिलं तरी त्या कागदाला काही किंमत नाही. शिवाय कामावर झालेली इजा साधा हेल्थ इन्शुरन्स सहसा भरत नाही, ते त्यांना नीट समजावून सांगा.

प्रीमियम पगाराच्या दर १०० डॉलरमागे असतो, किचनच्या कामाचा रेट वेगळा, ऑफिसात बसणाऱ्याचा खूपच कमी. सुरुवातीला अंदाजे पगार सांगायचा आणि वर्षाअखेरी ऑडिट होतं, म्हणून पगाराची नोंद चोख ठेवा, मी पहिल्या वर्षी आकडा कमी सांगितला आणि शेवटी एकदम मोठं बिल आलं. खाजगी कंपनीकडून घ्या नाहीतर स्टेट फंडाकडून, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विमा फंडाकडून, तो १९१४ पासून आहे. छोट्या धंद्याला खाजगीवाले नाही म्हणाले की लोक तिथेच जातात. (ओहायो, वॉशिंग्टनमध्ये खाजगी चालतच नाही, सरकारी फंडातूनच घ्यावं लागतं, म्हणून तिकडच्या मित्रांचं ऐकून गोंधळू नका.)

न घेता पकडलं तर काम बंद करायची ऑर्डर येते, दंड वेगळा, आणि जखमी माणूस कोर्टातही जाऊ शकतो. विमा असला की चूक कुणाची हे बघत नाहीत, उपचार मिळतात आणि बदल्यात मालकावर साधारण खटला भरता येत नाही.

गोडाऊन_सॅनहोजे:
मी कामगाराच्या बाजूने सांगतो. मागच्या वर्षी खोकी उचलताना पाठ भरली, सुपरवायझर म्हणाला डॉक्टरला घरी झालं सांग, आणि मी घाबरून तसं सांगणार होतो. सांगू नका असं कधीच! इजा झाल्यावर ३० दिवसांत मालकाला लेखी कळवायचं, मग त्याने एका कामाच्या दिवसात डीडब्ल्यूसी-१ हा क्लेमचा फॉर्म द्यायला पाहिजे. आपण तो भरून परत दिला की निर्णय होईपर्यंतसुद्धा १०,००० डॉलरपर्यंतचे उपचार मिळतात. इजेमुळे कामावर जाता आलं नाही तर पगाराच्या साधारण दोन तृतीयांश पैसे मिळतात, त्याला कमाल मर्यादा आहे, पहिले ३ दिवस धरत नाहीत पण १४ दिवसांवर सुट्टी गेली तर तेही देतात. मला ते पैसे नसते तर घरभाडं थकलं असतं. कागदपत्रं नसलेल्या कामगारालाही हा हक्क आहे, हे फार जणांना माहीतच नसतं.

ताई, तुमच्या किचनमध्ये तो फॉर्म आणि डॉक्टरचा नंबर भिंतीवर लावून ठेवा, आणि भाजलं-कापलं की मला सांगा असं त्या मुलाला स्वतः बोला, तो नवीन असेल तर भीतीपोटी गप्प बसेल.

फ्रीमाँटची_सुगरण:
खूप आभार दोघांचे. आज दोन ठिकाणांहून विम्याचं कोटेशन मागवलंय, पॉलिसी हातात येईपर्यंत पोळ्या मी आणि हे लाटतो, त्या दोघांना तोवर सुट्टी सांगितली आहे. फॉर्म प्रिंट करून फ्रीजशेजारी लावते. अजून एक, तो पॅकिंगचा मुलगा स्वतःच्या गाडीने डबे पोचवतो तेव्हा रस्त्यात काही झालं तर?

कढई_मिल्पिटास:
डिलिव्हरी कामाचा भाग आहे म्हणजे त्याची इजा यात येते. गाडीचं नुकसान मात्र यात नाही, त्याचा ऑटो इन्शुरन्स डिलिव्हरीला चालतो का ते आधी विचारा, बऱ्याच पॉलिसींत चालत नाही.