'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस'ला मराठीत काय म्हणावं?

पानवाचक: मधुमेह आणि हृदयविकार यांवर लिहितोय. अडलेले शब्द तीन: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, बायोमार्कर, रिस्क. 'ऑक्सिडीकरणाचा ताण' लिहिलं तर लोक ते कामाचं टेन्शन समजतील, अशी धास्ती आहे.

क्षारमापक: ऑक्सिडीकरण हा पाठ्यपुस्तकातला शब्द आहे, तोच घ्या. 'ताण'ही ठेवा. जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट सीस यांनी १९८५ मध्ये या संज्ञेची व्याख्या केली, तिचा गाभा समतोल ढळणं हा आहे: ऑक्सिडीकरण करणारे रेणू वरचढ आणि त्यांना आवरणारी यंत्रणा तोकडी. रक्तातली साखर सतत चढी राहिली की पेशींच्या मायटोकाँड्रियात, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, सुपरऑक्साइड हा असाच एक रेणू जास्त बनतो. तो रक्तवाहिनीच्या अस्तरातलं, तिला सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड निकामी करतो, मग वाहिनीला हवं तेव्हा सैलावता येत नाही. मात्र 'शरीराला गंज चढतो' असं लिहू नका. पांढऱ्या पेशी जंतू मारायला हेच रेणू मुद्दाम तयार करतात, गंज कुणी मुद्दाम चढवत नाही.

नळीवाली: बायोमार्कर, म्हणजे शरीरात काय चाललंय ते सांगणारी मोजता येणारी खूण. त्याला 'जैवचिन्हक' म्हणतात खरं, पण बोजड वाटतं. मी 'दर्शक' म्हणेन. हे उपद्रवी रेणू क्षणात नाहीसे होतात, म्हणून रक्तात मोजायच्या त्यांच्या खुणा: मॅलॉनडायअल्डिहाइड, आयसोप्रोस्टेन, ऑक्सिडीकृत एलडीएल (ज्याला 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात ते). यांतला पहिला सर्वांत स्वस्तात मोजला जातो आणि सर्वांत जास्त फसवतोही. थायोबार्बिट्युरिक आम्लाशी येणारा रंग मोजायचा असतो आणि तसाच रंग दुसरी अल्डिहाइडंही देतात. आणखी एक, एचबीएवनसी आणि सीआरपी या रक्ततपासण्यांना त्याच टोपलीत टाकू नका. एचबीएवनसी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर दाखवतो, साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची. सीआरपी दाह दाखवतं. ऑक्सिडीकरणाशी दोघांचा संबंध आहे, पण मोजमाप त्याचं नव्हे.

अर्धविराम: रिस्कला 'जोखीम'. 'धोका' म्हटलं की संकट दारात आल्यासारखं वाटतं. इथे बोलणं शक्यतेचं आहे. आणि 'जोखीम दाखवणारा' नि 'जोखीम वाढवणारा' यांत गल्लत नको, वर्तमानपत्रांत हटकून होते. दर्शक वाढलेला दिसला म्हणून तेच कारण आणि अँटिऑक्सिडंटची, म्हणजे ऑक्सिडीकरण आवरणारी, गोळी हा उपाय, असं ठरत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'होप' चाचणीत हृदयविकाराची जोखीम जास्त असलेल्यांना, त्यांत मधुमेही बरेच, रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व (एक अँटिऑक्सिडंट) साडेचारेक वर्षं दिलं. हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत.

पानवाचक: म्हणजे 'दर्शक' आणि 'जोखीम' पक्के. आयसोप्रोस्टेनचं भाषांतर करत नाही.

नळीवाली: करूच नका. 'ताण' पहिल्यांदा येईल तिथे 'रासायनिक' जोडा, टेन्शनवाल्यांचं काम भागेल.